‘दोष काढू नका’ म्हणजे चूक दिसली तरी गप्प बसायचं का?

तुमचा प्रश्न असा की, काका चर्चमध्ये दुसऱ्यांच्या मुलांच्या वागण्यावर तासभर बोलतात, घरी मात्र काकूंना वाटेल ते बोलतात. आणि तुम्ही तोंड उघडलं की ‘दोष काढू नका, असं येशूनेच सांगितलंय’ म्हणून तुम्हाला गप्प करतात. मग ख्रिस्ती माणसाने चुकीला चूक म्हणायचंच नाही का?

म्हणायचं. काकांनी वचन अर्धवट उचललंय. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 7 व्या अध्यायात पहिल्या वचनाला थांबू नका, पाचव्यापर्यंत या. आधी आपल्या डोळ्यातलं मुसळ काढ, मग भावाच्या डोळ्यातलं कुसळ काढायला तुला नीट दिसेल, असं येशू म्हणतो. म्हणजे कुसळ काढायचं आहेच, फक्त आधी काय आणि नंतर काय ते त्याने सांगून ठेवलंय. (मुसळ-कुसळ मराठीत इतकं चपखल बसलंय की मूळ ग्रीक शब्द घराच्या तुळईचा आहे, हे आपण विसरतो. डोळ्यात तुळई! ऐकणाऱ्यांना हसू आलं असणार.) त्याच अध्यायात पुढे खोटे संदेष्टे (देवाचा निरोप आणल्याचं सांगणारे) फळांवरून ओळखा असंही आहे. पारख न करता कसे ओळखणार?

मला जास्त बोचते ती बायबलच्या जुन्या करारातली, 2 शमुवेल या पुस्तकाच्या 12 व्या अध्यायातली गोष्ट. दावीद राजाने आपल्या सैन्यातल्या उरीयाची बायको घेतली आणि उरीयाला लढाईत मारवलं. नाथान संदेष्टा येऊन आरोप करत नाही, एक गोष्ट सांगतो. एका गरिबाकडे एकच मेंढी, त्याच्याच ताटातलं खाणारी, त्याच्या कुशीत निजणारी. श्रीमंताकडे पाहुणा आला, तर त्याने आपले कळप सोडून तीच कापली. दावीद भडकतो: तो मरणदंडाला पात्र आहे, त्याने चौपट भरपाई द्यावी! चोरलेल्या मेंढराबद्दल चार मेंढरं, हा नियम जुन्या करारातल्याच निर्गम या पुस्तकाच्या 22 व्या अध्यायात आहे. दाविदाला तो पाठ होता. निवाडा अगदी बरोबर होता, फक्त आरोपी कोण ते कळलं नव्हतं. ‘तो माणूस तूच’ हे नाथानला सांगावं लागलं.

माझं सांगते. काही वर्षांपूर्वी प्रार्थनासभेत मी एका मैत्रिणीचं नाव घेतलं. “तिच्या संसारासाठी प्रार्थना करा, घरी बरं चाललेलं नाही.” आवाज हळू, मान खाली. पुढचे तपशील कोणी विचारले नव्हते, ते मीच पुरवले. दोन आठवड्यांत ते सगळ्या मंडळीत, म्हणजे चर्चभर झालं. त्याच महिन्यात माझा नवऱ्याशी अबोला चालू होता, त्याबद्दल मात्र मी चकार शब्द काढला नाही. माफी मागायला गेले तेव्हा तिने एवढंच विचारलं, “आणि प्रार्थना केलीस का माझ्यासाठी?”

घरी आल्यावर एकदाही केली नव्हती.

आपल्या मंडळ्यांचा एक दोष तर प्रेषित पौलाने करिंथ इथल्या मंडळीला (करिंथकरांना) लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या 5 व्या अध्यायातच सापडतो. बाहेरच्यांचा न्याय करणं माझं काम नाही, तुम्ही आतल्यांचं पाहा, असं तो म्हणतो. आपण नेमकं उलट करतो. जगाच्या अनीतीवर प्रवचनं, आणि चर्चच्या समितीवरच्या माणसाचं घरातलं वागणं ‘खाजगी बाब’.

तर काकांशी बोला, पण एकट्यात. भावाचा अपराध त्याला एकांतात दाखव, हे मत्तय 18:15 मध्ये येशूनेच सांगितलंय. त्याआधी स्वतःला विचारा, काकूंसाठी बोलायचंय की काकांना एकदाचं खाली बघायला लावायचंय? दोन्ही असेल तर तेही ठीक, पण माहीत असू द्या. आणि प्रकरण बोलण्यापुरतं नसून हात उगारण्यापर्यंत गेलं असेल, तर एकांत वगैरे पाळत बसू नका. सरळ काकूंकडे जा आणि त्यांना काय हवंय ते विचारा.