मॅडम, ह्यांना थांबवा

मी समुपदेशक आहे. खेळाडूच्या घरून मला फोन येतो तेव्हा पलीकडे बहुतेक वेळा बायको किंवा आई असते. प्रश्नही साधारण एकच असतो. वय झालंय, मार खाऊन घरी येतात, थांबा म्हटलं की भांडण होतं, आम्ही काय करावं? गेल्या वर्षी पुण्यातल्या एका बाईंनी हेच विचारलं. नवरा बॉक्सर, वय 36, 60 किलो वजनगटात खेळणारा, खेळाडू कोट्यातून नोकरीला लागलेला. क्लबमधली पोरं त्यांना दादा म्हणतात आणि बाईंना वहिनी. मीही इथे तेच म्हणते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि लिहिण्याआधी दोघांनाही विचारलं आहे.

पहिल्यांदा वहिनी एकट्याच आल्या. पर्समधून किराणा हिशेबाची वही काढली आणि मागची पानं उघडून माझ्यासमोर ठेवली. बारीक अक्षरात तारखा होत्या. ‘गाळणं हा शब्द आठवेना, ते चहाचं ते, असं म्हणत राहिले.’ ‘किल्ली गाडीलाच विसरले, या आठवड्यात दुसऱ्यांदा.’ ‘दुपारी पडदे लावून झोपले. डोकं दुखतंय का विचारलं तर नाही म्हणाले.’ ‘पोरीवर ओरडले, मग बाथरूममध्ये जाऊन रडले.’ सात महिन्यांत अशा अकरा नोंदी.

“ह्यांना माहीत नाही,” त्या म्हणाल्या. “कळलं तर वाटेल, मी पाळत ठेवते.”

त्यांनी दादांना काय काय सांगून पाहिलं होतं, तेही मी विचारलं. ‘आता वय झालं’ सांगून झालं होतं. ‘पोरीकडे बघा’ म्हणून झालं होतं. हरून घरी आले त्या रात्रीच विषय काढला होता, आणि त्या रात्री ताट भिरकावलं गेलं होतं. मी त्यांना एवढंच म्हटलं की हरलेल्या रात्री काहीही बोलू नका. त्या रात्री माणसाच्या अंगात अजून बाउट, म्हणजे रिंगमधली लढत, चालू असते आणि समोर जो येईल तो प्रतिस्पर्धी वाटतो.

पुढच्या आठवड्यात दादा आले, ते एमआरआयचं मोठं पाकीट घेऊनच. बसायच्या आधी म्हणाले, “रिपोर्ट नॉर्मल आहे मॅडम. डोक्यात काही नाही. हिला सांगा.”

मग उदाहरणं आली. ती येणार हे मला माहीत होतं. मेरी कोमनं 2018 मध्ये दिल्लीत सहाव्यांदा जागतिक विजेतेपद जिंकलं, तेव्हा ती पस्तिशीत होती, मुलांची आई होती. जॉर्ज फोरमननं 1994 मध्ये मायकेल मूररला दहाव्या फेरीत आडवं करून हेवीवेटचा किताब परत मिळवला, तेव्हा तो 45 वर्षांचा होता. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. थांबायचं नसलेला माणूस खोटं बोलत नाही, तो खऱ्यातलं त्याला हवं तेवढं निवडतो. फोरमननं त्याआधी 1977 ते 1987 अशी दहा वर्षं रिंगमध्ये पाऊलच टाकलं नव्हतं, हे मी सांगितलं. त्या दहा वर्षांत त्याच्या डोक्याला ठोसे बसत नव्हते. दादांचं काय? चौदाव्या वर्षापासून एकही हंगाम सुटलेला नव्हता.

निर्णय समोर आलेल्या माणसाचा असतो, समुपदेशकानं आपलं मत लादू नये, असं आम्हाला शिकवतात आणि एरवी मी ते कसोशीनं पाळते. इथे पाळलं नाही. बॉक्सिंग सोडायचं की नाही ते तुम्ही ठरवा, पण न्यूरॉलॉजिस्टला भेटेपर्यंत स्पॅरिंग, म्हणजे सरावातल्या लढती, बंद, हे मी ठामपणे सांगितलं. कारण मेंदू कवटीच्या आत पाण्यात तरंगावा तसा असतो. हुक, म्हणजे बाजूनं वळवून मारलेला ठोसा, बसतो तेव्हा डोकं गर्रकन फिरतं, आतले बारीक तंतू ताणले जातात, पिळवटले जातात. ही इजा साध्या एमआरआयमध्ये बहुधा दिसत नाही. ‘नॉर्मल’ रिपोर्ट म्हणजे खेळायची परवानगी नव्हे. दादा म्हणाले, स्पॅरिंगला मी हेडगार्ड घालतो. हेडगार्डनं भुवई फुटायची वाचते, आतला मेंदू हलायचा थांबत नाही. आणि हा प्रश्न नॉकआउटपुरता नाही, रोजच्या सरावातले किरकोळ वाटणारे ठोसेही जमा होत जातात. अमेरिकेत हॅरिसन मार्टलँड या डॉक्टरांनी 1928 मध्येच बॉक्सरांच्या या दुखण्यावर लिहिलं होतं. इतकी वर्षं गेली, तरी अशा दीर्घकाळच्या आजाराचं पक्कं निदान आजही मृत्यूनंतर मेंदू तपासूनच होतं. जिवंतपणी आपल्या हातात असतात ती लक्षणं, आणि ती पहिल्यांदा दिसतात घरच्यांना.

वही दाखवायची की नाही, हे मी वहिनींवर सोडलं होतं. त्यांनी तिसऱ्या भेटीत स्वतः दाखवली. दादांनी सगळी पानं वाचली. चिडले नाहीत. एका नोंदीवर बोट ठेवून म्हणाले, “ही तारीख चुकली. त्या दिवशी मी क्लबात होतो. आदल्या दिवशीचं आहे हे.” म्हणजे त्यांनाही आठवत होतं. तीच वही नंतर न्यूरॉलॉजिस्टच्या टेबलावर गेली आणि त्यांनी ती रिपोर्टपेक्षा जास्त वेळ वाचली.

त्या वर्षात दादा लागोपाठ तीन बाउट हरले होते. त्यातल्या दोन आरएससी, म्हणजे पंचांनी लढत मध्येच थांबवलेली. नॉकआउटनंतर किंवा डोक्याला मार बसून लढत थांबली, तर किमान 30 दिवस रिंगबाहेर राहायचा नियम आहे. हे बाराव्या दिवशी ग्लोव्ह्ज चढवून उभे होते. तिसऱ्या बाउटचा व्हिडिओ त्यांच्या फोनमध्ये होता. मी म्हटलं, मला खेळातलं कळत नाही, तुम्ही समजावून सांगा. खुर्ची माझ्या शेजारी ओढून ते उत्साहानं सांगायला लागले. हा बघा माझा जॅब, इथे पाय छान पडलाय, इथे त्याला कोपऱ्यात घेतला. दुसऱ्या फेरीत त्यांनी व्हिडिओ थांबवला, थोडा मागे नेला, पुन्हा थांबवला.

“इथे मला त्याचा हुक दिसतोय, मॅडम. बघा, माझी नजर त्याच्या खांद्यावरच आहे. खांदा हलला की हुक येतो, हे मी पोरांना शिकवतो.” मग बराच वेळ गप्प. “हात उठतच नाहीये.”

मी काहीच बोलले नाही. थोड्या वेळानं विचारलं, “क्लबातली पोरं तुमच्याशी पूर्ण ताकदीनं खेळतात का?”

त्यांनी फोन खिशात ठेवला. “दोन महिने झाले, नाही. हात आखडून मारतात. त्यांना वाटतं, मला कळत नाही.”

इतक्या वर्षांत या खोलीत मी बरंच रडणं पाहिलंय. दादा रडले नाहीत, पण तो क्षण मला फार जड गेला. ज्या पोरांना त्यांनी बँडेज बांधायला शिकवलं, तीच पोरं आता त्यांना जपत होती. ते जपणं अंगावर घेण्यापेक्षा खरा ठोसा परवडला असता. शेवटच्या एका बाउटचा हट्ट मला त्यानंतर कळला. त्यांना पदक नको होतं. कोणीतरी आपल्याशी हात न आखडता लढावं, एवढंच हवं होतं.

‘एकच शेवटची’ हे शब्द मात्र मी कधीच हलक्यानं घेत नाही. मुहम्मद अलीला त्याच्या डॉक्टरनं, फर्डी पाचेकोनं, थांब म्हणून सांगितलं होतं. ऐकत नाही म्हटल्यावर 1977 मध्ये पाचेको त्याच्या गोटातून बाहेर पडला. ऑक्टोबर 1980 मध्ये 38 वर्षांचा अली लॅरी होम्ससमोर उभा राहिला आणि दहाव्या फेरीनंतर त्याचा प्रशिक्षक अँजेलो डंडी यानं लढत थांबवली. तेवढ्यावरही संपलं नाही. डिसेंबर 1981 मध्ये बहामात ट्रेव्हर बर्बिकशी आणखी एक झाली, आणि 1984 मध्ये पार्किन्सनचं निदान झालं. आजार फक्त ठोशांमुळेच झाला, असं मी म्हणणार नाही. पण शेवटची म्हणून जी मागितली जाते, तिच्यामागून आणखी एक शेवटची येते, हे मी कुस्तीवाल्यांच्या घरातही पाहिलंय. हरलं तर असं कसं संपवू, जिंकलं तर आता कशाला संपवू.

दादांना मी विचारलं, त्या तिसऱ्या बाउटला सरांनी, म्हणजे तुमच्या प्रशिक्षकांनी, लढत थांबवायला रिंगमध्ये टॉवेल टाकला असता तर? लगेच उत्तर आलं, “आयुष्यभर माफ केलं नसतं.” मग जरा थांबून, “त्यांनी हातात घेतला होता. मी डोळे वटारले, म्हणून ठेवला.”

मधे एकदा सगळं विस्कटलं. न्यूरॉलॉजिस्टनं खेळू नका असं स्पष्ट सांगितल्यावर तीन आठवड्यांनी दादा गावाकडे जातो म्हणून गेले आणि तिथल्या एका खुल्या स्पर्धेत उतरले. दादा मूळचे अकोल्याचे, बॉक्सिंगचं वेड असलेल्या गावचे. आईला कुणीतरी सांगितलं, तर म्हातारी रिंगपाशी येऊन उभी राहिली. जिंकले ते. नाकातून रक्त येत होतं आणि आई म्हणाली, “काऊन रे लेका? मले तुह्या डोक्याची भीती वाटते.” पूर्वी याच आईनं प्रत्येक पदकाला हळदकुंकू लावलं होतं. वहिनी चार दिवस बोलल्या नाहीत. मी दादांना रागावले नाही. फक्त विचारलं, जिंकल्यावर कसं वाटलं? म्हणाले, “रूमवर गेल्यावर कोणत्या फेरीत काय झालं ते आठवेना. भीती वाटली.” स्वतःच्या तोंडून ‘भीती’ हा शब्द त्यांनी पहिल्यांदा काढला तो तेव्हा.

त्यानंतर थांबायचं की नाही हा विषय आमच्यात पुन्हा निघाला नाही. विषय होता सकाळचा. बावीस वर्षं साडेचारला उठणारा माणूस साडेचारला उठून काय करणार? आणि जेवणाचा. वजनात बसण्यासाठी स्पर्धेच्या आदल्या रात्री थुंकून थुंकून शेवटचे दोनशे ग्रॅम कमी केलेला माणूस. त्यांनी मला सांगितलं, “मॅडम, पोट भरलं म्हणजे कसं वाटतं ते मला माहीत नाही. पोट भरलं की चूक केल्यासारखं वाटतं.” घरचे म्हणतात खेळ सोडा, तेव्हा त्यांना वाटतं आपण एक गोष्ट सोडायला सांगतोय. प्रत्यक्षात माणसाला झोप, भूक, आरसा, मित्र, रागाला वाट, सगळंच नव्यानं शिकावं लागतं. ज्यांच्या घरी असा माणूस आहे त्यांना मी कळकळीनं सांगते, निवृत्तीनंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत त्याच्याकडे जास्त लक्ष द्या. आता सुटलो म्हणून हुश्श करू नका. झोप उडाली, दारू वाढली, जगून काय करू असं एकदा जरी निघालं, तर त्याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. दादांनाही काही महिने गोळ्या घ्याव्या लागल्या. विसरणं पूर्ण थांबलेलं नाही. न्यूरॉलॉजिस्टकडे दर सहा महिन्यांनी जावं लागतं, आणि वही वहिनी अजून लिहितात, आता समोर बसून.

पोरांना शिकवणं ते सोडणार नव्हतेच. अट एकच ठरली, पोरांचे ठोसे झेलायला हातात पॅड धरायचे, ग्लोव्ह्ज घालून समोर उभं राहायचं नाही. पॅडवर पोरांना हात आखडावा लागत नाही.

मागच्या महिन्यात रात्री दहाच्या सुमारास फोन आला. दादा जिल्ह्याच्या स्पर्धेला सतरा वर्षांच्या एका पोराच्या कॉर्नरला होते. दुसऱ्या फेरीत ठोसा बसून पोराला काउंट मिळाला, म्हणजे पंचांनी लढत थांबवून आकडे मोजले, तिसऱ्यात त्याची नजर ठरेना.

“मी टॉवेल टाकला, मॅडम. त्यानं माझ्याकडे डोळे वटारले होते, तरी टाकला.”

“मग?”

“बोलत नाहीये माझ्याशी. गाडीत मागे जाऊन बसलाय. उद्या ग्राउंडवर येतो का बघू.”