पहिल्यांदा रक्त देताय? एवढं बघा

बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) जा की गावच्या शिबिरात, नियम तेच. वय १८ पूर्ण, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५. हिमोग्लोबिन तिथंच बोट टोचून बघतात, आधी लॅबमध्ये पैसे घालवू नका. कमी निघालं तर परत पाठवतील. नाराज होऊ नका, डॉक्टरांना दाखवा.

नवखे हमखास चुकतात ते उपाशी जाण्यात. श्रावणी सोमवार असेल तर दुसरा दिवस निवडा. भाजीपाव खा, भरपूर पाणी प्या, रात्री नीट झोपा. आदल्या रात्री फेणी नको, हे सांगायला लागतंच!

कळंगुटला टॅटू काढलाय? मग वर्षभर थांबा. चालू गोळ्या, ताप, काविळीबद्दल फॉर्मवर खरं लिहा. दिल्यावर लगेच स्कूटर काढू नका, थोडं बसा.