तारीख अहवालाची नको, पुंगळ्यांची बघा

प्रश्न : वकीलकाका, मार्च २०२३ मध्ये बांधाच्या वादातून आमच्या थोरल्या दिरांना शेतात गोळ्या घातल्या. ९ तारखेच्या रात्री पोलिसांना जागेवर झाडलेल्या गोळ्यांच्या दोन रिकाम्या पुंगळ्या मिळाल्या. २० तारखेला आरोपीने विहिरीजवळ पुरलेलं गावठी पिस्तूल काढून दिलं. लॅबचा तपासणी अहवाल नोव्हेंबरात आला. पुंगळ्या त्याच पिस्तुलातल्या, असं त्यात म्हटलंय. आता समोरचे वकील म्हणतात, आठ महिन्यांनी आलेल्या अहवालाला अर्थच नाही. खरंच का? कागद सोबत जोडलेत.
– एक भगिनी, मोहोळ तालुका

उत्तर : ताई, त्या आठ महिन्यांचं ओझं आधी डोक्यावरून उतरवा. गोळी सुटताना फायरिंग पिनचा ठसा पुंगळीच्या बुडावर बसतो. तो पितळेत उमटलेला असतो. पुंगळी गंजली नाही तर वर्षानुवर्षं टिकतो. घाई करावी लागते ती हातावरच्या बारुदाच्या कणांसाठी. आरोपीने हात धुतले की संपलं. लॅबमध्ये रांग असते हे न्यायाधीशांनाही ठाऊक असतं, निव्वळ उशिरावर ते अहवाल फेकून देत नाहीत.

मला खटकली ती दुसरीच तारीख. तुमच्या कागदांतलं लॅबकडे माल धाडल्याचं रवानगीचं पत्र मी दोनदा वाचलं. पुंगळ्या आणि पिस्तूल दोन्ही एकाच दिवशी, ३ एप्रिलला निघालेत. म्हणजे पुंगळ्या पंचवीस दिवस ठाण्यात होत्या, आणि त्यातले शेवटचे चौदा दिवस पिस्तूलही त्याच छपराखाली. समोरचा वकील हुशार असेल तर एवढंच विचारेल : याच पिस्तुलातून दोन गोळ्या झाडून पुंगळ्या बदलल्या नाहीत कशावरून? पिस्तूल सापडण्याआधीच, १० मार्चला पुंगळ्या रवाना झाल्या असत्या तर हा प्रश्न उठलाच नसता. आमच्या उमेदीच्या काळात शिपाई माल घेऊन रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने निघायचा आणि सकाळी मुंबईत उतरून कालिन्याची सरकारी लॅब गाठायचा. एका रात्रीचं काम!

हा प्रश्न मी स्वतः विचारलाय, आरोपीच्या बाजूने. बार्शीकडचा खटला होता. पंचनाम्यात पुंगळ्यांच्या बुडावर ‘के.एफ. ७.६५’ असा छाप लिहिलेला, म्हणजे खडकीच्या कारखान्याचा माल. लॅबच्या यादीत मात्र एका पुंगळीवर तो छापच नाही. ठाण्यात जप्त माल सांभाळणारा मुद्देमाल कारकून नोंदवही चाळत राहिला, मान वर करेना. आरोपी सुटला. त्या दिवशी जेवण गेलं नाही, हे आता सांगायला हरकत नाही.

माल नुसता सरकारी ताब्यात होता, एवढ्याने भागत नाही. अमेरिकेतला साको आणि व्हॅन्झेटी यांचा खटला घ्या. खून १९२० चे, दोषी ठरवलं १९२१ मध्ये. १९२४ मध्ये उघडकीस आलं की साकोच्या पिस्तुलाची नळीच कुणीतरी बदललीय. खुनातली गोळी तुलनेच्या सूक्ष्मदर्शकाखाली (ज्यात दोन गोळ्या शेजारी-शेजारी दिसतात) गेली थेट १९२७ मध्ये, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दोघांना मृत्युदंड दिला. त्या नळीवरून वाद घालणारे अजून आहेत.

तुम्ही आता एक करा. सरकारी वकिलांच्या मदतीला स्वतःचा वकील द्या, कायद्यात तशी सोय आहे. मुद्देमाल कारकून आणि माल नेणारा शिपाई, दोघांच्या साक्षी झाल्यात का ते त्या वकिलाला बघू द्या. झाल्या नसतील तर जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३११ खाली त्यांना साक्षीला बोलावण्याचा अर्ज देता येतो. लॅबच्या तज्ज्ञासाठी अडून बसू नका. त्याच संहितेच्या कलम २९३ मुळे त्यांचा अहवाल ते हजर नसतानाही पुरावा म्हणून वाचता येतो.

आणि पंचनाम्यात पुंगळ्यांचा छाप नोंदलाय का, लाखेच्या सीलचा नमुना पाकिटासोबत गेला होता का, ‘सील शाबूत, नमुन्याप्रमाणे’ असा शेरा अहवालात आहे का, हे बघा. तुम्ही अहवालाचं पहिलंच पान पाठवलंय. हा शेरा बहुधा आतल्या पानावर असेल. ते पान पाठवा, मग पुढचं बोलू.