सीरियाचे लष्करी हुकूमशहा अदीब शिशकली सत्तेवर कसे आले आणि पडले कशामुळे?

सीरियातल्या हमा शहरात 1909 साली जन्म, फ्रेंच अमलाखालच्या फौजेत नोकरी, 1948 च्या पॅलेस्टाईन युद्धात सहभाग. 1949 साली सीरियात लष्कराने तीनदा सत्ता उलथवली. त्यातला डिसेंबरचा तिसरा उठाव शिशकलींचा. पण तेव्हा ते गादीवर बसले नाहीत. नागरी सरकार राहू दिलं आणि लष्कर स्वतःच्या मुठीत ठेवलं.

नोव्हेंबर 1951 मध्ये स्वतःचा दुसरा उठाव करून त्यांनी संसद गुंडाळली, तरी नावाला राष्ट्रप्रमुख केलं फावझी सेलू या लष्करी अधिकाऱ्याला. 1952 मध्ये बाकीच्या पक्षांवर बंदी आणि स्वतःचा 'अरब मुक्ती चळवळ' हा पक्ष. जुलै 1953 च्या सार्वमतानंतर ते उघडपणे अध्यक्ष झाले.

माझ्या मते खरी चूक इथेच झाली: पडद्याआडून चालणारी सत्ता समोर आली आणि सगळे विरोधक एकवटले. 1954 च्या सुरुवातीला द्रूझ या धार्मिक अल्पसंख्याक समाजाच्या डोंगराळ भागावर तोफा डागल्या, त्यात सामान्य माणसं मेली. 25 फेब्रुवारीला अलेप्पोच्या छावणीने बंड केलं. दमास्कसमधलं सैन्य हाताशी असूनही ते लढले नाहीत, देश सोडून गेले.

सप्टेंबर 1964 मध्ये ब्राझीलमध्ये एका द्रूझ तरुणाने सूड म्हणून त्यांना गोळ्या घातल्या.