कानातला आरएफआयडी टॅग : दुकानात वाचतो, कोठ्यात का वाचत नाही?

नागपूर जिल्ह्यातल्या दूध उत्पादकांनी जनावरांच्या कानातल्या इलेक्ट्रॉनिक टॅगबद्दल (म्हणजे आरएफआयडी, रेडिओ लहरींनी क्रमांक सांगणारा टॅग) विचारलेल्या शंकांची ही उत्तरं.

शंका : दवाखान्यातून मारलेला पिवळा बिल्ला हाच आरएफआयडी का? गाय चोरीला गेली तर मोबाइलवर दिसेल का?

दोन्ही गोष्टी नाहीत. पिवळ्या बिल्ल्यावर १२ अंकी क्रमांक आणि बारकोड फक्त छापलेला असतो, आत काही नसतं. त्या क्रमांकावर ‘भारत पशुधन’ प्रणालीत लसीकरण, रेतन वगैरे नोंदी चढतात. १ जून २०२४ पासून राज्यात बिल्ला नसलेल्या जनावराची बाजारात खरेदी-विक्री करता येत नाही, म्हणून आरएफआयडी लावला तरी पिवळा बिल्ला काढायचा नाही. आरएफआयडी दुसऱ्या कानात लावा.

आरएफआयडी टॅगमध्ये बॅटरी नसते आणि उपग्रहाशी त्याचा काही संबंध नसतो. गाय कुठे आहे हे तो सांगत नाही. सापडलेली गाय कोणाची, एवढं मात्र पक्कं सांगतो, तेही रीडर, म्हणजे टॅग वाचायचं हातातलं यंत्र, वीतभर अंतरावर नेल्यावर.

शंका : दुकानात रीडरने टॅग लगेच वाचला. कोठ्यात आणल्यावर दहातले चारच वाचतो. रीडर खराब निघाला का?

बहुधा नाही. आधी हे चालतं कसं ते बघा. टॅगमध्ये तांब्याच्या बारीक तारेचं वेटोळं आणि एक चिप असते. रीडर १३४.२ किलोहर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र सोडतो, त्यातून वेटोळ्यात वीज तयार होते, तेवढ्यावर चिप जागी होऊन आपला १५ अंकी क्रमांक परत पाठवते. पहिले तीन अंक देशाचे (भारताचे ३५६) किंवा टॅग बनवणाऱ्या कंपनीचे (९०० च्या पुढचे) असतात. गायीचं वय, दूध यातलं काहीही टॅगमध्ये नसतं. असतो तो फक्त क्रमांक.

आता कोठ्यातल्या अडचणी. शेण, गोमूत्र, पाणी यांचा या फ्रिक्वेन्सीला त्रास होत नाही, त्यामुळे टॅग पुसत बसू नका. त्रास होतो लोखंडाचा. दावणीच्या पाइपांची बंद चौकट रीडरच्या अँटेनाभोवती (क्षेत्र सोडणाऱ्या वेटोळ्याभोवती) आली की त्या चौकटीतच वीज फिरू लागते आणि रीडरच्या क्षेत्राला मारक ठरते. अँटेना लाकडी किंवा पीव्हीसीच्या चौकटीवर बसवा. लोखंडी चौकट टाळताच येत नसेल तर ती एका ठिकाणी कापून तो जोड रबराच्या किंवा नायलॉनच्या तुकड्याने करा, म्हणजे विजेचा वेढा तुटतो. रंग मारून काही होत नाही.

दुसरं कारण विजेचा गोंगाट. दूध काढण्याच्या यंत्राची मोटर, तिचा स्पीड कंट्रोलर, स्वस्तातले एलईडी दिवे आणि चार्जर हे सगळे त्याच फ्रिक्वेन्सीच्या आसपास खरखर सोडतात. तपासणी सोपी आहे : कोठ्याचा मेन स्विच बंद करा आणि बॅटरीवर चालणाऱ्या रीडरने तेच टॅग पुन्हा वाचा. आता दहाच्या दहा वाचले तर दोषी मोटर किंवा दिवे, रीडर नव्हे. मग एकेक वस्तू चालू करत चोर पकडा.

तिसरं, धरण्याची दिशा. टॅगची चकती रीडरच्या तोंडासमोर आली पाहिजे. चकतीची कड समोर आली तर चार बोटांवरूनही वाचणार नाही. काठीसारखा रीडर असेल तर त्याचं टोक चकतीवर सरळ रोखा. शेजारच्या दोन गायींचे कान एकत्र आले तर दोन्ही टॅग एकाच वेळी बोलतात आणि रीडरला एकही कळत नाही. एक कान हाताने बाजूला करा. रीडरची बॅटरी उतरली की अंतरही घटतं, हे लोक सर्रास विसरतात.

खरेदीच्या वेळी विचारायचा प्रश्न एकच : टॅग कोणत्या प्रकारचा, एफडीएक्स-बी की एचडीएक्स? पहिला रीडरचं क्षेत्र चालू असतानाच उत्तर देतो. दुसरा आधी ५० मिलिसेकंद वीज साठवतो आणि क्षेत्र थांबल्यावर, शांततेत बोलतो, म्हणून गोंगाटाच्या कोठ्यात तो बरा चालतो. काही स्वस्त रीडर एकच प्रकार वाचतात. टॅग एकाचे, रीडर दुसऱ्याचा अशी जोडी घरी आणलीत तर एकही वाचणार नाही. मोबाइलमधलं एनएफसी १३.५६ मेगाहर्ट्झवर चालतं, त्याने हे टॅग कधीच वाचता येत नाहीत, विक्रेता काहीही म्हणो.

शंका : फास्टॅगसारखा लांबून वाचणारा टॅग घेतला तर?

फास्टॅग ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झवर चालतो. तसे टॅग जनावरांसाठीही मिळतात आणि फाटकातून कळप जाताना काही मीटरवरून वाचतात. पण ही लहर पाण्यात शोषली जाते, आणि जनावराचं अंग म्हणजे बहुतांश पाणीच. ओला कान टॅगवर दुमडला की वाचन चुकतं. शिवाय गव्हाणीपाशी कोणती गाय उभी आहे हे कळायला हवं असताना पलीकडच्या चार गायींचेही क्रमांक येतात. गायवार दूध मोजणीसाठी घेऊ नका.

शंका : टॅग मारताना कान पिकतो, टॅग गळून पडतो.

जागा चुकते. कानातल्या दोन आडव्या उंचवट्यांच्या मधे, डोक्याकडून कानाच्या साधारण मध्यापर्यंतच्या भागात, रक्तवाहिनी टाळून मारा. टोकाकडे मारला तर कुंपणाच्या तारेत अडकून कान फाटतो. पिन कानाच्या मागून आणि चिपची चकती आतल्या बाजूला. पक्कड त्याच कंपनीच्या टॅगची हवी, नाहीतर पिन तिरकी जाऊन चकती तडकते. पिन आणि कान पोव्हिडोन आयोडिनने पुसा. नागपूरच्या मे महिन्यात भर उन्हात आणि पावसाळ्यात माश्यांच्या दिवसांत मारू नका. हिवाळ्याची सकाळ उत्तम. तिसऱ्या दिवशी बघा, सूज किंवा अळ्या दिसल्या तर १९६२ या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर फोन करा.

मारण्याआधी टॅग रीडरने वाचून घ्या, कानात गेल्यावर मुका निघाला तर दुसरं भोक पाडावं लागतं. १५ अंकी आणि १२ अंकी क्रमांक वहीत एकाच ओळीत लिहा. एक्सेलमध्ये लिहिणार असाल तर तो रकाना आधीच ‘टेक्स्ट’ करा. नाहीतर ३५६ ने सुरू होणारा क्रमांक 3.56E+14 असा दिसतो, आणि तशीच सीएसव्ही फाइल केली की शेवटचे अंक कायमचे गेले.

शंका : सहा गायी आहेत. आरएफआयडी घ्यावा का?

नको. सहा गायी तुम्ही तोंडानेच ओळखता. त्या पैशात दूध मोजायचा चांगला काटा घ्या.