इम्प्लांटआधी दात काढलेल्या खड्ड्यात कॅल्शियम सल्फेट भरणार म्हणतात. ते तर प्लास्टर ऑफ पॅरिसच ना? चालतं का?

हो, तेच. फक्त मूर्तिकाराच्या गोणीतलं नव्हे; शुद्ध, निर्जंतुक, वैद्यकीय दर्जाचं. हाडातली पोकळी भरायला ड्रीसमन या जर्मन सर्जनने ते १८९२ सालीच वापरलं होतं, तेव्हा ‘हे काय नवीन खूळ’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं. माझ्या एका जुन्या सहकाऱ्यानेही.

इंदूरला आमच्या क्लिनिकमध्ये रामबागेतल्या एक काकू आल्या होत्या. खालची दाढ काढून पुढे इम्प्लांट करायचं होतं. सर्जनसाहेब म्हणाले, बोवाइन ग्राफ्ट भरू (ग्राफ्ट म्हणजे हाडाच्या खड्ड्यात घालायची भर). काकूंनी विचारलं, “कशापासून करतात हो ते?” साहेब म्हणाले, “त्याने काय फरक पडतो? प्रोटीन सगळं काढलेलं असतं.” मी सरळ सांगून टाकलं, गाईबैलांच्या हाडापासून. काकूंनी गळ्यातला नॅपकिन स्वतःच सोडला.

शेवटी कॅल्शियम सल्फेट मी भरलं. खड्ड्याच्या भिंती शाबूत होत्या. खरी कसोटी रक्ताची: कालवलेला लगदा थोडाथोडा भरायचा आणि कोरड्या गॉजने दाबत राहायचं. रक्त-लाळ मिसळली की तो नीट घट्ट होत नाही.

काही आठवड्यांनी एक्स-रेत पांढरा भाग गायब, जागा काळी. साहेब स्टाफसमोर म्हणाले, “विरघळलं ना तुमचं प्लास्टर?” अहो, ते विरघळण्यासाठीच असतं! बाहेरून आत झिजत जातं आणि मागोमाग हाड भरत येतं. कोवळं हाड एक्स-रेत लगेच दिसत नाही. इम्प्लांटच्या वेळी ड्रिलला चांगलं हाड लागलं, तेव्हा साहेब मोबाइल बघत होते. बोवाइनचे दाणे वर्षानुवर्षं तसेच पडून राहतात, ते मात्र यांना कौतुकाचं!

आता एवढं म्हणायला हवं, की बाहेरची भिंत गेली असेल किंवा खड्डा मोठा असेल तर नुसतं कॅल्शियम सल्फेट पुरत नाही. साधारण चार ते आठ आठवड्यांत ते विरतं, हाडाला तेवढा वेळ पुरत नाही. मग दुसऱ्या ग्राफ्टमध्ये मिसळून वापरतात. वरच्या पुढच्या दातांपाशी आकार टिकवायचा तर बोवाइनच बरं पडतं, हेही खरं. तुमच्या भिंतींचं काय ते तुमच्या डॉक्टरांनाच ठाऊक.

पण ग्राफ्ट कुठलाही असो, सही करण्याआधी तो कशाचा ते विचारा. सांगायला कां कूं केलं तर सरळ दुसरीकडे दाखवा. डेंटिस्टांची काही वानवा नाही.