पाळी जाण्याच्या काळातल्या वाफा आणि जागरण: मला आराम कशाने पडला

ताई, तुम्ही लिहिलंय की वय ४८ आहे, गेले आठ महिने पाळीचा काही नेम राहिलेला नाही, दिवसातून सात-आठ वेळा अंगातून गरम वाफा निघतात, रात्री दोनला जाग येते ती सकाळपर्यंत. घरातल्या मोठ्या बायका म्हणतात, सगळ्यांनाच होतं, सोसायचं. आणि हॉर्मोनच्या औषधांची भीती वाटते, तर दुसरं काही आहे का, असं तुम्ही विचारलंय.

मी डॉक्टर नाही. नाशिकला माध्यमिक शाळेत गणित शिकवते, ५५ वर्षांची आहे, आणि या सगळ्यातून गेले आहे. पहिलं दीड वर्ष मी नुसतं सोसण्यात घालवलं. ते वाया गेलं याचं मला अजून वाईट वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझं ४६व्या वर्षी सुरू झालं. नववीच्या वर्गात फळ्यावर समीकरण लिहीत होते आणि छातीतून काहीतरी कढत वर चढायला लागलं. मान, कान, डोक्याची कातडी, सगळं पेटल्यासारखं. हातातला खडू घामाने ओला झाला, ब्लाउज पाठीला चिकटला, काळीज धडधडायला लागलं. दोन-तीन मिनिटांत ते ओसरलं आणि लगेच थंडी वाजून अंगावर काटा आला. डिसेंबर महिना होता, पोरं स्वेटर घालून बसली होती. मला वाटलं बीपी वाढलं. मग हे रोजचं झालं. रात्री गोधडी भिरकावून द्यायची, पंखा लावायचा, दहा मिनिटांनी हुडहुडी भरली की पुन्हा गोधडी शोधायची. ह्यांची झोप मोडायची ती वेगळीच. सकाळी शाळेत गेल्यावर आठवीच्या साध्या उदाहरणात माझी बेरीज चुकायची आणि मुलांवर उगाच ओरडून मी घरी येऊन रडायचे.

जवळच्या एका डॉक्टरांकडे गेले. "वयाचं आहे, मन कशात तरी रमवा," असं सांगून त्यांनी व्हिटॅमिनची एक स्ट्रिप दिली. मी ऐकून घेतलं आणि परत आले. माझी चूक एवढीच झाली की मी त्यांना नेमकं काही सांगितलंच नव्हतं. "बरं वाटत नाही, झोप नाही, चिडचिड होते," यावर कुणालाही काय करता येणार?

फरक पडला तो कालनिर्णयमुळे. दुधाचे खाडे आणि पाळीच्या तारखा मी आधीपासूनच त्यावर लिहीत होते. त्याच चौकोनात पेन्सिलीने वाफांचे आकडे मांडायला लागले. दिवसाच्या पाच, रात्रीच्या तीन. झोप किती तास, अंगावरून किती गेलं, लघवीला जळजळ होती का. महिनाभराने ते पान पाहिलं तेव्हा पहिल्यांदा कळलं की "बरं वाटत नाही" या एका वाक्यात चार-पाच वेगवेगळी दुखणी कोंबलेली आहेत. तुम्हाला मनापासून सांगते, ही एकगठ्ठा तक्रार सोडवा. प्रत्येकीचा उपाय वेगळा आहे आणि जवळजवळ प्रत्येकीला उपाय आहे.

ते पान घेऊन मी एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे गेले. त्यांनी आधी हिमोग्लोबिन, थायरॉईड आणि साखर तपासायला लावली. माझं हिमोग्लोबिन ८.९ निघालं. म्हणजे धाप, धडधड, जिना चढताना पाय भरून येणं, हे मी सगळं पाळी जाण्याच्या खात्यावर लिहीत होते आणि त्यातलं निम्मं रक्त कमी असल्यामुळे होतं. थायरॉईड बिघडलं तरी घाम, धडधड, चिडचिड, पाळीची गडबड हे सगळं असंच दिसतं, म्हणून टीएसएच ही थायरॉईडची रक्ततपासणी करून घ्याच. हॉर्मोनच्या महागड्या तपासण्या मात्र त्यांनी सांगितल्या नाहीत. ४५च्या पुढच्या बाईला अशी लक्षणं असतील तर निदानाला तेवढं पुरतं, कारण त्या काळात हॉर्मोनचे आकडे आज एक आणि पुढच्या आठवड्यात दुसरेच येतात.

वाफा का येतात तेही त्यांनी समजावलं, आणि ते कळल्यावर माझी अर्धी घबराट गेली. मेंदूत शरीराचं तापमान सांभाळणारा एक भाग असतो. इस्ट्रोजेन, म्हणजे बायकांच्या शरीरातलं मुख्य हॉर्मोन, उतरायला लागलं की तो फार हळवा होतो. एरवी ज्या थोड्याशा उष्णतेकडे शरीर लक्षही देत नाही, तेवढ्यानेच आता तो धोक्याची घंटा वाजवतो. मग कातडीकडे रक्त धावतं, घाम फुटतो. हृदयाचा झटका नाही, वेडही नाही. आपल्याकडे पाळी कायमची थांबण्याचं वय सरासरी ४६-४७ आहे, पाश्चात्त्य देशांत ५१च्या आसपास. सलग १२ महिने पाळी आली नाही म्हणजे ती गेली असं धरतात. "वर्षभरात जाईल, सोसा" म्हणणाऱ्यांना हेही सांगा की अमेरिकेत बायकांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करून झालेल्या अभ्यासात, ज्यांना वारंवार वाफा येत होत्या त्यांच्यातल्या निम्म्या जणींना त्या सात वर्षांहून जास्त काळ येत राहिल्या. सात वर्षं कुणी झोपेशिवाय काढायची का?

आता तुमच्या भीतीबद्दल. मलाही तीच होती. ती जगभर पसरली २००२ साली. अमेरिकेत हजारो बायकांवर चाललेला हॉर्मोनचा एक मोठा अभ्यास मुदतीआधी थांबवावा लागला, कारण इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या हॉर्मोनसारखं काम करणारं औषध) दोन्ही घेणाऱ्यांत स्तनाचा कर्करोग वाढलेला दिसला. तो आकडा होता वर्षाला दर १०,००० बायकांमागे आठ जास्त. तो नाकारायचा नाहीच. पण त्या अभ्यासातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, पाळी जाऊन कितीतरी वर्षं लोटलेली. पुढे वयाप्रमाणे तीच माहिती पुन्हा पाहिली गेली, आणि आज डॉक्टरांचं मत असं आहे की ६०च्या आत किंवा पाळी जाऊन १० वर्षं व्हायच्या आत, बाकी प्रकृती चांगली असलेल्या आणि खरोखर त्रास होत असलेल्या बाईला याचा फायदा तोट्यापेक्षा जास्त होतो. वाफांवर यापेक्षा चांगलं काम करणारं औषध नाही.

मला दंडावर चोळायचं इस्ट्रोजेनचं जेल आणि रात्री प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल दिली. जेल कातडीतून जातं, त्यामुळे रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका तोंडाने घ्यायच्या गोळीपेक्षा कमी. गर्भाशय जागेवर असेल तर नुसतं इस्ट्रोजेन चालत नाही, पिशवीचं अस्तर वाढत राहतं, म्हणून सोबत प्रोजेस्टेरॉन लागतंच. सुरू करण्याआधी बीपी, मॅमोग्राफी, पोटाची सोनोग्राफी झाली. चौथ्या आठवड्यात कालनिर्णयच्या चौकोनात पहिल्यांदा शून्य लिहिलं. त्या रात्री मी सलग सहा तास झोपले होते. दरवर्षी तपासणी करून डोस ठरवतात. गेल्या दिवाळीपासून तो निम्म्यावर आणलाय.

पण सगळ्यांना हे चालत नाही. स्तनाचा कर्करोग झालेला असेल, पायात किंवा फुप्फुसात गुठळी झालेली असेल, हृदयविकाराचा किंवा पक्षाघाताचा झटका येऊन गेला असेल, यकृताचा आजार असेल, किंवा कारण न कळलेला रक्तस्राव असेल, तर हॉर्मोन नाही. माझ्या वहिनीचं स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालेलं. तिला वाफा माझ्याहून वाईट यायच्या, आणि तिला तर सगळ्यांनी "जीव वाचला, आता एवढं काय" असंच ऐकवलं. तिच्या डॉक्टरांनी व्हेनलाफॅक्सिन थोड्या डोसमध्ये दिलं. एरवी नैराश्यावर देतात ते औषध, म्हणून नाव वाचून ती हादरली होती. पण वाफांवर त्याचा उपयोग होतो हे सिद्ध झालेलं आहे, आणि तिच्या वाफा निम्म्याहून कमी झाल्या. त्याच जातीचं पॅरॉक्सेटीनही वाफांवर देतात, मात्र स्तनाच्या कर्करोगावरचं टॅमॉक्सिफेन चालू असेल तर ते घेऊ नये, टॅमॉक्सिफेनचा असर कमी होतो. रात्रीच्या घामासाठी गॅबापेंटीन नावाची गोळी काहींना झोपताना देतात. तुम्हाला हॉर्मोन नकोच असतील, तर डॉक्टरांना सरळ सांगा की हॉर्मोनशिवायचं औषध द्या.

घरगुती म्हणाल तर मी खूप काही केलं, आणि जे उपयोगी पडलं नाही तेही सांगते. शतावरी कल्प सहा महिने दुधातून घेतला. वाफा तशाच, आणि त्यात साखर भरपूर असते हे मधुमेह असणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं. सोयाबीन, जवस खाऊन पाहिलं, खाणं म्हणून ते चांगलंच, पण रात्री चारदा उठणारीला तेवढ्याने झोप येत नाही. योगवर्गाने माझ्या वाफा कमी झाल्या नाहीत, मन मात्र शांत झालं आणि खांदेदुखी गेली, म्हणून मी अजून जाते. वजन सहा किलो उतरलं तेव्हा वाफांची धार थोडी बोथट झाली. चारचा चहा बंद केल्यावर संध्याकाळची एक वाफ हमखास टळायची, हे नोंदीतूनच कळलं. तुमचं कारण वेगळं असेल, कुणाचं तिखट असतं, कुणाचं गरम पाण्याची अंघोळ.

झोपेसाठी दोन गोष्टी केल्या. आमच्या दोघांच्या गोधड्या वेगळ्या केल्या, आणि उशाशी जुन्या सुती साडीची घडी ठेवली. घाम आला की दिवा न लावता ओल्या चादरीवर ती पसरायची आणि पडून राहायचं, उठून स्वयंपाकघरात जायचं नाही. वाफ आली की मनात जे "आता रात्र गेली, उद्याचा दिवस गेला" सुरू होतं, ते थांबवायला समुपदेशक शिकवतात, त्याला सीबीटी म्हणतात. पाच-सहा बैठका पुरतात. वाफांचा जाच आणि जागरण दोन्ही त्याने कमी होतात, हे पक्कं आहे.

एक तक्रार तुम्ही लिहिलेली नाही, कदाचित नसेलही, पण मला ती डॉक्टरांना सांगायला दीड वर्ष लागलं म्हणून इथे लिहिते. खालच्या भागात कोरडेपणा, आग, संबंधाच्या वेळी दुखणं, आणि वारंवार लघवीचं इन्फेक्शन. मी प्रत्येक वेळी अँटिबायोटिक घेत होते, वर्षात चारदा. ह्यांच्यापासून लांब झोपायला लागले होते आणि कारण सांगत नव्हते. त्यांना वाटायचं मी कशावरून तरी रागावलेय. इस्ट्रिऑल या सौम्य इस्ट्रोजेनचं क्रीम मिळतं, ते योनीमार्गात लावायचं असतं, पहिले दोन आठवडे रोज रात्री, पुढे आठवड्यातून दोनदा. रक्तात ते अगदी थोडं उतरतं. माझं लघवीचं दुखणं त्यानेच थांबलं. वाफा काही वर्षांनी आपोआप ओसरतात, हा कोरडेपणा मात्र उपाय केला नाही तर वाढत जातो. आपल्याकडच्या कितीतरी बायका हे तोंडातून न काढता म्हाताऱ्या होतात, आणि ते आठवलं की मला आतून तुटतं.

आणि कृपा करून "पिशवी काढून टाका, कटकट मिटेल" हे कुणी सांगितलं तर लगेच मान डोलावू नका. माझ्या जाऊबाईंनी मलाही तेच सांगितलं होतं. मला अंगावरून जास्त जायचं ते तीन महिन्यांच्या गोळ्यांनी आटोक्यात आलं, सोबत लोहाच्या गोळ्या घेतल्या, हिमोग्लोबिन १२वर आलं. पिशवी काढून वाफा जात नाहीत. उलट सोबत अंडाशयही काढली तर जे शरीरात हळूहळू काही वर्षांत घडतं ते एका रात्रीत घडतं, त्रास जास्त तीव्र होतो, हाडं लवकर ठिसूळ होतात. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांचं २०१९ साली सरकारी समितीने सर्वेक्षण केलं तेव्हा ८२,३०९ जणींपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली, आणि त्यांतल्या अनेकजणी अगदी तरुण होत्या. कर्करोग, मोठ्या गाठी अशी खरी कारणं असतात, तेव्हा ऑपरेशन करावंच लागतं. पण दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतल्याशिवाय सही करू नका.

हाडांचं थोडक्यात. नाचणी रोज खा, १०० ग्रॅममध्ये साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, शिवाय दूध-दही आणि तिळाची चटणी. व्हिटॅमिन डी तपासून घ्या. नुसतं चालणं पुरत नाही, थोडं वजन उचलायचा व्यायाम हवा.

अजून १२ महिने भरलेले नाहीत, तोवर दिवस राहू शकतात हेही विसरू नका. आणि वर्षभर पाळी बंद राहून पुन्हा डाग जरी दिसला, एकच डाग, तरी त्याला "पाळी परत आली" म्हणून सोडून देऊ नका. त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. बहुतेक वेळा कारण साधं निघतं, पण पिशवीच्या कर्करोगाची पहिली खूणही तीच असते आणि लवकर कळला तर तो बरा होतो.

आज रात्रीपासून नोंद सुरू करा. वाफा किती, झोप किती, अंगावरून किती, लघवीचं काय, एवढंच. चार आठवडे झाले की त्या पानाचा फोटो काढून घेऊन जा, आणि आत गेल्याबरोबर सर्वांत जास्त छळणारी एक गोष्ट पहिल्यांदा सांगा. माझी झोप होती. तुमची कोणती आहे ते तुमचंच पान सांगेल.